थकलेल्या डोक्याने परतीचं तिकीट काढू नका

आजचा भाग छोटा आहे आणि तो एका मेसेजवरून सुरू होतोय. आपली एक मैत्रीण चार महिने पाठीवर सॅक घेऊन फिरतेय, सध्या बनारसला आहे. ती म्हणते, "दादा, काल घाटावर आरती बघत होते आणि काहीच वाटलं नाही. सरळ नागपूरला परत जाऊ का?"

थांब जरा. घरी जायचं की पुढे, हे आत्ता ठरवूच नकोस.

आधी बघूया की हे होतं का. घरी असताना चहा कुठे मिळेल, पाणी गरम येईल का, रिक्षावाला किती मागेल, याचा आपण विचार करत नाही. फिरताना मात्र हे सगळं रोज नव्याने ठरवावं लागतं. वर नवीन गाव, नवीन खोली, सामानावर सतत लक्ष. महिनोन्‌महिने असं चाललं की समोरचं बघायला डोकं रिकामंच राहत नाही. मी हंपीला विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथासमोर उभा होतो आणि मनात काय, तर होस्पेटहून रात्रीची बस किती वाजता! तेव्हा कळलं, रथात काही कमी नव्हतं, मीच दमलो होतो.

मग करायचं काय? एका जागी किमान सात रात्री राहायचं. बनारसहून जायचं तर मी पोखरा सुचवेन. गोरखपूर, मग सोनौलीची सीमा आणि तिथून दिवसभराची बस. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणजे मुदत संपतेय ही धाकधूक नाही. मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेव, आधार कार्डावर विसंबू नकोस. हिशोबही सोपा आहे: आपल्या १०० रुपयांचे तिथले १६०. आणि हो, घड्याळ १५ मिनिटं पुढे कर!

फेवा तलावाच्या आसपास साधी खोली बघ. सात रात्रींचं एकदम ठरवलंस तर भाडं कमी होतं का, ते विचार.

पहिले दोन-तीन दिवस त्रासाचे जातात, हे आधीच सांगतो. हात सारखा मोबाइलकडे जाईल, वाटेल की आपण वेळ वाया घालवतोय. कदाचित सर्दी होईल, डोकं दुखेल. धावपळ थांबली की काही लोक आजारी पडतात. आद विंगरहूट्स या डच मानसशास्त्रज्ञांनी याला 'लेझर सिकनेस' असं नाव दिलंय. झोप काढ, कपडे धू, आईला निवांत फोन कर. ताप हटला नाही, तर मात्र डॉक्टरकडे जा.

चौथ्या दिवसापासून एकच गोष्ट ठरलेली ठेव. रोज तीच चहाची टपरी, तलावाकाठचा तोच रस्ता, दुपारी त्याच खाणावळीत डाळ-भात. तिसऱ्या खेपेला मालकीणबाई न विचारता चहा पुढे करतील. तेवढाच एक निर्णय कमी!

अन्नपूर्णाच्या ट्रेकची जाहिरात दिसेल, पण या आठवड्यात तो मोह टाळ. समोर माच्छापुच्छ्रे दिसतो, उंची ६,९९३ मीटर. १९५७ साली एक ब्रिटिश तुकडी शिखराच्या जवळपास ४५ मीटर खालून परत फिरली, कारण स्थानिकांच्या श्रद्धेचा मान राखून माथ्यावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं होतं. पुढे तो डोंगर चढाईसाठी बंदच झाला. आजही लोक तो काठावर बसून फक्त बघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छान दिसतो, पावसाळ्यात ढगांत दडतो. नाही दिसला तरी चालेल.

आठव्या दिवशी सकाळी नकाशा उघड. पुढच्या गावाचं नाव वाचून उत्सुकता वाटली, तर समज, नुसता थकवा होता. तरीही नागपूरच आठवलं, तर प्रवास पूर्ण झालाय, खुशाल तिकीट काढ. आणि दोन्हींपैकी काहीच वाटलं नाही, विश्रांतीनंतरही मन तसंच बधिर राहिलं, तर एकटी बसू नकोस. घरच्यांशी बोल, गरज वाटली तर डॉक्टरशीही.

बाकीच्या मंडळींनो, तुम्ही प्रवासात कुठे थांबला होतात? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर, सावकाश!