चिठ्ठी कोण वाचणार, आणि केव्हा?

विद्यार्थी मित्रहो, भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा तास आठवा. समजा, तुम्हाला ओहमचा नियम पडताळून पाहावयाचा आहे. त्यासाठी बॅटरी, अमीटर, व्होल्टमीटर, ऱ्हिओस्टॅट आणि कळ लागते. या वस्तू तुम्ही स्वतः तयार करीत नाही, की प्रयोगशाळेतील कपाटेही धुंडाळीत नाही. एका चिठ्ठीवर यादी लिहून ती प्रयोगशाळा-साहाय्यकांना देता आणि ते उपकरणे टेबलावर आणून ठेवतात. एखादा अमीटर बिघडलेला निघाला तर दुसरा मिळतो. तुमच्या प्रयोगाची रीत मात्र बदलत नाही.

संगणकाच्या मोठ्या आज्ञावल्या लिहितानाही हीच युक्ती वापरतात. आज्ञावलीच्या एका भागाला लागणारी साधने त्याने स्वतः न बनविता बाहेरून पुरवून घेणे, याला ‘डिपेंडन्सी इन्जेक्शन’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते मार्टिन फाउलर यांच्या 2004 सालच्या एका लेखामुळे. आता प्रश्न असा की, आज्ञावलीने आपली चिठ्ठी लिहावयाची कशी? आणि चिठ्ठ्यांचे नमुने अनेक असतील तर त्यांतला कोणता निवडावा? एका प्रत्यक्ष उदाहरणावरून आपण हे पाहू.

मेव्हन आणि त्याचे मोजो

जावा भाषेत लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी चालत नाही. प्रथम तिचे भाषांतर करावे लागते, मग तिच्या चाचण्या घ्याव्या लागतात आणि शेवटी सर्व फायलींचे एक गाठोडे बांधावे लागते. ही कामे ठरावीक क्रमाने करून घेणाऱ्या साधनाला ‘बिल्ड टूल’ म्हणतात. मेव्हन हे त्यांपैकी एक प्रसिद्ध साधन. त्याची पहिली आवृत्ती 2004 साली निघाली. गंमत अशी की, मेव्हन स्वतः यातले फारसे काही करीत नाही. भाषांतर एक प्लगइन करते, चाचण्या दुसरे घेते, गाठोडे तिसरे बांधते. प्लगइनमधील प्रत्येक काम करणाऱ्या क्लासला ‘मोजो’ असे नाव आहे.

आपल्या प्रयोगशाळेत मेव्हन म्हणजे साहाय्यक आणि मोजो म्हणजे प्रयोग करणारा विद्यार्थी. मोजोची चिठ्ठी म्हणजे ‘अ‍ॅनोटेशन’. जावा भाषेत ही सोय 2004 सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आली. @ हे चिन्ह आणि त्यापुढे एक शब्द, इतकेच तिचे रूप. अ‍ॅनोटेशन स्वतः काहीच काम करीत नाही. तिचा उपयोग ती वाचणाऱ्यावर अवलंबून असतो. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा : ही चिठ्ठी कोण वाचणार, आणि केव्हा?

दोन चिठ्ठ्या

मेव्हनच्या प्लगइनमध्ये साधन मागण्यासाठी दोन अ‍ॅनोटेशन्स आढळतात. जुने @कॉम्पोनंट, आणि दुसरे @इन्जेक्ट.

@कॉम्पोनंट हे मेव्हनचे घरचे अ‍ॅनोटेशन. प्लगइन बांधले जात असतानाच ते वाचले जाते आणि त्यातील मागणी ‘प्लगइन.एक्सएमएल’ नावाच्या फायलीत उतरवून घेतली जाते. प्रत्यक्ष काम चालू असताना ही चिठ्ठी कोणाला दिसत नाही. त्या वेळी फक्त फाईल पाहिली जाते. साहाय्यकांनी आदल्या दिवशी सर्वांच्या चिठ्ठ्या गोळा करून नोंदवहीत उतरवाव्यात, तसाच हा प्रकार.

@इन्जेक्टचे तसे नाही. ते जावा जगताच्या सामाईक नियमांतून आले. ‘जेएसआर 330’ या नावाचा हा ठराव 2009 साली पक्का झाला आणि त्यात अवघी पाच अ‍ॅनोटेशन्स आहेत. हे अ‍ॅनोटेशन काम चालू असतानाही वाचता येते. आणि ते फक्त मेव्हनलाच नव्हे, तर इतर अनेक यंत्रणांना समजते. मेव्हन 3 ही आवृत्ती 2010 साली आली, तेव्हा साधने पुरविणारी जुनी ‘प्लेक्सस’ यंत्रणा जाऊन ‘सिसू’ ही नवी यंत्रणा आली. 2013 सालच्या 3.1.0 या आवृत्तीपासून प्लगइन लिहिणाऱ्यांना @इन्जेक्ट वापरण्याची मुभा मिळाली. आज @कॉम्पोनंट कालबाह्य ठरविले गेले आहे. तेव्हा मेव्हन 3 साठी नवे प्लगइन लिहिताना @इन्जेक्ट घ्यावे, हे सरळ उत्तर.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण उत्तर पाठ केले, समजून घेतले नाही. आणखी दोन प्रश्न शिल्लक आहेत.

वस्तू कधी हाती येते?

@कॉम्पोनंट क्लासमधील फील्डवर लावतात. म्हणजे मोजो आधी जन्मतो आणि साधन नंतर त्याच्या खिशात घातले जाते. @इन्जेक्ट मात्र क्लासच्या कन्स्ट्रक्टरवर, म्हणजे मोजो जन्मतो त्या जागीच लावता येते. मग साधने मिळाल्यावाचून मोजो तयारच होत नाही. उपकरणे टेबलावर आल्याशिवाय प्रयोग सुरू करू नये, हा नियमच झाला म्हणा ना! शिवाय चाचणी घेताना खऱ्या साधनाऐवजी खोटे साधन कन्स्ट्रक्टरमधून सहज देता येते.

येथे एक खड्डा आहे. वापरणाऱ्याने दिलेली माहिती, उदाहरणार्थ अहवालाच्या फायलीचे नाव, मोजोला @पॅरामीटर या तिसऱ्या अ‍ॅनोटेशनने मिळते. मेव्हन 3 मध्ये ही माहिती मोजो जन्मल्यानंतर भरली जाते. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्येच ते नाव वाचू गेलात, तर हाती रिकामी जागा लागते. साधने @इन्जेक्टने मागावीत, माहिती @पॅरामीटरने मागावी, आणि ती माहिती काम सुरू झाल्यावरच वाचावी.

वस्तू किती जणांत एक?

हा प्रश्न मी स्वतः चूक करून शिकलो. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांची निरीक्षणे फायलींत साठविली होती आणि प्रत्येक प्रयोगाचा एक विभाग होता. प्रत्येक विभागात निरीक्षणे किती, हे मोजून अहवाल लिहिणारे छोटे प्लगइन मी तयार केले. मोजणीचे काम एका वेगळ्या क्लासकडे दिले आणि त्यावर @सिंगलटन हे अ‍ॅनोटेशन लावले. पहिल्या विभागात 40 निरीक्षणे होती. अहवालात 40 आली. दुसऱ्यात 25 होती. अहवालात 65 आली! मेव्हनने मात्र काम यशस्वी झाल्याचे सांगितले. अहवाल विद्यार्थ्यांच्या हाती गेल्यावर एका मुलीने विचारले, ‘‘सर, आमच्या गटाने 65 निरीक्षणे घेतली कधी?’’

@सिंगलटनचा अर्थ ‘एकच नग, सर्वांसाठी’. मेव्हन प्रत्येक विभागासाठी मोजो नवा करते; पण @सिंगलटन असलेले साधन तेच राहते. माझा मोजक पहिल्या विभागाचा आकडा डोक्यात ठेवूनच दुसऱ्या विभागात गेला होता. एकच विराम-घड्याळ शून्यावर न आणता दोन टेबलांवर वापरावे, तशी ही गोष्ट. मेव्हनला अनेक विभाग एकाच वेळी चालविण्याचीही आज्ञा देता येते. मग तर दोन टेबले तेच घड्याळ एकदम दाबू लागतात आणि प्रत्येक खेपेस उत्तर निराळे येऊ शकते.

दुरुस्ती सोपी होती. मोजणीचा आकडा मी मोजोच्या आत ठेवला आणि मोजकाला फक्त मोजण्याची कृती शिकविली. नियम असा : ज्या साधनाला मागचे काही आठवत नाही, त्यालाच निर्धास्तपणे @सिंगलटन लावावे. फूटपट्टी सर्वांत मिळून एक चालते. विराम-घड्याळ चालत नाही.

नोंदवही आणि पत्ता

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. तुम्ही लिहिलेले साधन सिसूला सापडावे यासाठी त्या क्लासवर @नेम्ड लावतात. पण सिसू सगळी कपाटे उघडून पाहत बसत नाही. ती एक सूची वाचते. ही सूची प्लगइन बांधताना तयार करून घ्यावी लागते आणि त्यासाठी सिसूचेच एक मेव्हन प्लगइन आहे. सूची राहिली, तर चिठ्ठी अचूक असूनही साधन मिळत नाही, आणि नवशिका बिचारा चिठ्ठीतच चूक शोधत बसतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. @इन्जेक्ट या एकाच नावाची अ‍ॅनोटेशन्स निरनिराळ्या गटांत आहेत. मूळचा गट ‘जावाएक्स’. 2020 साली नामांतर होऊन ‘जकार्ता’ हा गट आला. आणि मेव्हन 4 साठी मेव्हनने स्वतःचा वेगळा गट आखला आहे. मेव्हन 3 च्या प्लगइनसाठी ‘जावाएक्स’मधले घ्यावे. अक्षरे तीच असली तरी पत्ता चुकलेली चिठ्ठी कोणी वाचीलच असे नाही.

तर मित्रहो, लक्षात ठेवण्याजोगे प्रश्न तीनच : चिठ्ठी कोण, केव्हा वाचणार? वस्तू हाती कधी येणार? आणि ती किती जणांत एक असणार? अ‍ॅनोटेशनांची नावे उद्या बदलतील. हे प्रश्न बदलणार नाहीत.

करून पहा : पुढच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला उपकरणांची यादी लिहा आणि प्रत्येकापुढे ‘सर्वांत एक’ किंवा ‘दर टेबलास एक’ असे नोंदवा. भिंतीवरचा वायुदाबमापक, तापमापी, विराम-घड्याळ, लॉगॅरिथमची कोष्टके — प्रत्येकाचे कारण एका वाक्यात लिहा आणि आपल्या शिक्षकांशी ताडून पहा.