व्हेगा : नदीकाठची हिरवी जमीन

लास व्हेगास म्हटलं की वाळवंट आणि जुगाराचे अड्डे आठवतात. पण स्पॅनिशमध्ये ‘व्हेगा’ म्हणजे नदीकाठची सखल, सपाट, सुपीक जमीन. 1829 मध्ये मेक्सिकन व्यापाऱ्यांचा तांडा नेव्हाडाच्या रखरखाटातून जाताना तिथल्या झऱ्यांपाशी थांबला. आजूबाजूला गवताळ कुरणं होती, त्यावरूनच हे नाव पडलं. 1905 मध्ये रेल्वेमुळे शहर वसलं, त्याची तहान याच झऱ्यांनी भागवली. अतिउपशामुळे पुढे ते आटले.

अस्सल व्हेगा पाहायची तर स्पेनमधल्या ग्रनाडाची. हेनिल नदीचं पाणी तिथे पाटांनी शेतांत खेळवलं जातं. हे जाळं मुख्यतः अरबी राजवटीत विणलं गेलं. पाटाला स्पॅनिश शेतकरी आजही ‘असेकिया’ हा मूळ अरबी शब्द वापरतात.

क्यूबात तंबाखूचा मळा म्हणजे व्हेगा, तो पिकवणारा ‘वेगेरो’.

अशा जमिनीवरून गावांना नावं मिळाली आणि गावांवरून माणसांना आडनावं. नाटककार लोपे दे व्हेगा (1562–1635) आणि 1539 मध्ये पेरूतल्या कुस्को इथे जन्मलेला इतिहासकार इंका गार्सिलासो दे ला व्हेगा ही त्यांतली ठळक नावं.

आकाशातल्या व्हेगा ताऱ्याचा, म्हणजे आपल्या अभिजितचा, मात्र या कुळाशी संबंध नाही. ते नाव अरबीतून आलं आहे.