व्हीलचेअरसह समुद्रसफर

मैत्रिणींनो, गटाची सहल ठरली की व्हीलचेअरवरची सखी म्हणते, "तुम्ही जाऊन या." पण अंबडहून गाडी केली, तर तिलाही समुद्रावर नेता येतं. मुंबईत गेटवेला लाँचमध्ये बसायला पायऱ्या उतराव्या लागतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. तिच्यात आपली गाडी उतारावरून थेट आत शिरते.

तिकीट काढण्याआधी फोनवर विचारू: वर बसायच्या जागेपर्यंत लिफ्ट चालू आहे का? संडासाचं दार किती रुंद? खुर्चीची रुंदी टेपनं मोजून ठेवू. मदतीचा कुत्रा सोबत असेल, तर परवानगी विचारू, रेबीज लसीचा दाखला घेऊ.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यानं वाहतुकीत सोयी करायला सरकारला बजावलंय. तिला नेणं म्हणजे उपकार नव्हे. सहल तिचीही आहे.