पाऊणकीचा नियम आणि भरतीची वेळ

तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती. कोकणच्या किनाऱ्यावर रूढ असलेल्या या नियमाप्रमाणे चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता भरती यावयास हवी. खाडीच्या मुखाशी ज्याची होडी चिखलात रुतण्याचा संभव असतो, त्याने या हिशेबावर कितपत विसंबावे?

नियमाचा पाया खरा आहे. अमावास्येस व पौर्णिमेस मुंबईस भरती बाराच्या सुमारास येते. (हा योग स्थानिक होय, भरतीची लाट दक्षिणेकडून येत असल्यामुळे गोव्यास ती आधी पोहोचते.) पंधरा तिथींत बारा तासांचे चक्र पुरे व्हावयाचे, तेव्हा प्रत्येक तिथीच्या वाट्यास ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५. ही तूट पौर्णिमेपर्यंत साचून पाऊण तासाची होते. चार-पंचमांश पट अधिक अचूक खरी. पण तोंडी हिशेबास पाऊणकीच सोयीची.

परंतु ४८ मिनिटे हीदेखील सरासरीच. सूर्याचे भरती-उत्पादक बल चंद्राच्या सुमारे ४६ टक्के असते. उधाणात ही दोन्ही बले परस्परांस पोषक होतात व भरती रोज पस्तीस-चाळीस मिनिटेच पुढे सरकते. भांगात ती परस्परविरोधी असतात आणि हेच अंतर तासाहून अधिक होते. परिणामी चतुर्थी-पंचमीस भरती नियमाच्या वेळेआधीच येऊन जाते, आणि हिशेबाच्या भरवशावर खाडीत शिरणाऱ्यास ओहोटी लागलेली आढळते. एकादशीच्या सुमारास ती उशिरा येते. ही चूक त्या मानाने निरुपद्रवी, कारण नांगर टाकून थांबले की पाणी चढतेच.