जुन्या पिकअपचे स्टिअरिंग का थरथरते?



तासगाव-पलूसची द्राक्षे, फलटणची डाळिंबे, पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असा नाशवंत माल बाजारात पोचवायला आज अनेक बागायतदार पिकअप वापरतात. यांतील कित्येक गाड्या जुन्या, हातबदल झालेल्या असतात. अशा गाडीचे स्टिअरिंग ठराविक वेगाला थरथरू लागले, की आपण वेग थोडा कमी करतो आणि हंगाम उरकून घेतो. परंतु भरलेली गाडी पसरणी घाट उतरत असताना पुढचा एखादा सांधा निखळला, तर मालाबरोबर माणसेही गमवावी लागतील.

पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकू नये. नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, ते आधी पाहावे, हे आपण जाणतोच. गाडीचेही तसेच आहे. थरथर हे लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. थरथर केव्हा होते?
ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन पुढे कमी होणारी थरथर बहुधा चाकाच्या असंतुलनामुळे असते. अगदी कमी वेगातच गाडी डुलत असेल, तर टायरला आलेला फुगा किंवा वाकलेली रिम शोधावी. फक्त ब्रेक दाबताना थरथर होत असल्यास ब्रेकची डिस्क किंवा ड्रम तपासावा. खड्ड्यात चाक आदळताच स्टिअरिंग जोराने हिसके देऊ लागले, तर सांधे ढिले झाले आहेत असे समजावे. हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे.

२. बिनखर्चाची तपासणी
प्रथम चाकांचे नट आवळलेले आहेत का ते पाहावे. टायर थंड असताना हवा मोजावी; पुढील दोन्ही चाकांत ती सारखी असावी. कृष्णाकाठची काळी माती रिमच्या आतल्या बाजूस चिकटून वाळते. एवढ्यानेही चाकाचा तोल जातो, म्हणून रिम आतून धुवावी. रिमोल्ड केलेले टायर पुढे वापरू नयेत. टायरचा आकार एकच असल्यास पुढची चाके मागे लावून पाहावीत. थरथर स्टिअरिंगमधून जाऊन बैठकीखाली जाणवू लागली, तर दोष चाकातच आहे.

३. जॅक लावून तपासणी
गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व मागील चाकांना दगड लावावेत. पुढचे एक चाक उचलून अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनचा (पुढे पाटे नसलेल्या गाडीत बॉल जॉइंटचा). बेअरिंग आवळताना अति आवळू नये. ते तापून जाम होते.

४. सांधे आणि पाटे
गाडी जमिनीवर असताना सोबत्याने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवावे. आपण बाजूला बसून ड्रॅग लिंक व टाय रॉडचा प्रत्येक सांधा पाहावा. एक दांडी हलते आणि पुढची क्षणभर मागे राहते, तो सांधा झिजलेला असतो. तो बदलताना स्प्लिट पिन नवीनच घालावी. त्यानंतर पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल व बुश तपासावेत. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट चेसिसला घट्ट बसलेले आहेत का, तेही पाहावे. ढिलेपणा घालवण्यासाठी बॉक्सचा स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळल्यास वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

५. दुरुस्तीचा क्रम
आधी चाके व बॅलन्सिंग, मग बेअरिंग, किंग पिन आणि सांधे, व सर्वांत शेवटी अलाइनमेंट करावे. सांधे ढिले असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. तो खर्च वाया जातो. नवा स्टिअरिंग डँपर बसवल्याने थरथर दबते, पण दोष आतच राहतो. क्रेट मागच्या फाळक्याकडे रचू नयेत. मागे भार वाढला की पुढचा भाग उचलला जातो, चाकांचा कोन बदलतो आणि थरथर वाढते. पावसाळ्यानंतर किंग पिनला ग्रीस भरताना चाक उचलून धरावे, म्हणजे ग्रीस आतपर्यंत पोचते.

६. रस्त्यात अचानक हिसके बसल्यास
ब्रेक एकदम दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यावी आणि आधी नट पाहावेत. सांधा ढिला आढळल्यास माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा.

८ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते; पण झीज त्या तारखेची वाट पाहत नाही. द्राक्षाची काढणी सुरू होण्यापूर्वी एक सकाळ या तपासणीसाठी राखून ठेवावी. मेस्त्रीकडे जाताना "स्टिअरिंग हलते" एवढेच न सांगता कोणत्या वेगाला, कोणत्या वेळी हलते आणि कोणता सांधा ढिला आढळला, हे सांगावे. त्यामुळे नेमका भागच बदलला जाईल व अनावश्यक खर्च वाचेल.