परसातला रंगीत घेवडा

श्रोतेहो, घेवडा म्हटले की आपल्या मराठवाड्यात घरोघरी निराळी शेंग डोळ्यांपुढे येते. कुणी कुंपणावर चढणाऱ्या वालाला घेवडा म्हणतो, तर कुणी बाजारातल्या फरसबीला. म्हणून नावाचा घोळ आधीच मिटवू. मी सांगणार आहे तो श्रावण घेवडा, आणि त्यातलीही बुटकी जात. झाड गुडघ्याएवढे, मांडव नको, काठी नको. कोवळी शेंग खाल्ली तर फरसबी, दाणा वाळवला तर राजमा. मूळचा हा अमेरिका खंडातला पाहुणा, पण आता पुरता घरचा झाला आहे.

याच्या दाण्याचे रंग पाहावेत! पांढरा, तांबडा, काळा, ठिपक्यांचा. सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला वाघ्या घेवडा होतो. फिकट दाण्यावर तांबड्या रेघा, वाघाच्या पट्ट्यांसारख्या. म्हणून ते नाव. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काही जातींची शेंगच जांभळी असते. मात्र ती शिजवली की हिरवी होते, त्याने घाबरू नका. जांभळा रंग पाण्यात विरतो आणि खालचा हिरवा उघडा पडतो, इतकेच.

कोरेगावकडे हे पीक पावसाळ्यात घेतात. आपल्या शिरड शहापूरच्या काळ्या रानात मात्र जूनमध्ये ते लावू नये, असे माझे मत आहे. पाणी साचले की याची मुळे कुजतात. उन्हाळाही नको, कारण पारा तिशीच्या वर गेला की फुले गळतात. दसरा ते दिवाळी हा आपला मुहूर्त.

दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा पुरे. दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळा. शेंगवर्गातले पीक आहे, मग खत कशाला, असे कुणी म्हणेल. पण हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जसा धरतात, तसे याच्या गाठींना साधत नाही. या कामात हा आळशीच. ओळीत एक फूट, दाण्यात अर्धा फूट अंतर ठेवून दोन बोटे खोल टोबा. चार ओळींत ऐंशी झाडे बसतील. वाफा आधी भिजवा, वाफसा आला की बी लावा, आणि कोंब वर येईपर्यंत पाणी सोडू नका. नाहीतर वर पापडी धरते आणि कोंबाची मान मोडते. आठवड्यात उगवण, सुमारे चाळीस दिवसांत फुले, पन्नासाव्या दिवसाच्या आगेमागे कोवळ्या शेंगा. बियाण्यासाठी मात्र तीन महिने थांबावे लागते.

आता खरी गोष्ट, बियाण्याची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, ती असेच गावरान बियाणे जपल्याबद्दल. घेवड्याचे बी जपणे तर फारच सोपे, कारण याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. आपल्या आयाबहिणी काय करतात? वाळलेल्या दाण्यांची रास सुपात घेतात आणि त्यातले टपोरे दाणे बियाण्याला काढतात. पद्धत जुनी आहे, पण ती अपुरी आहे, बरं का.

डेन्मार्कमध्ये योहानसेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने नेमक्या याच घेवड्याचे दाणे तराजूत घालून हा प्रश्न सोडवला. एकेका झाडाची संतती त्याने वेगळी ठेवली. अशी १९ कुळे केली. एकाच कुळातला मोठा दाणा पेरला काय आणि लहान पेरला काय, पुढच्या पिकाच्या दाण्याचे सरासरी वजन तेच! कुळाकुळांत मात्र फरक होता, आणि तो टिकला. १९०३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. एका झाडावर एखादा दाणा मोठा होतो तो जागेमुळे, पाण्यामुळे. ते गुण वारशाने उतरत नाहीत. पोचट दाणे टाकावेत हे खरेच, पण राशीत कुठला दाणा कोणत्या झाडाचा हे कळत नाही. म्हणून निवड करायची ती उभ्या पिकात, झाडाची.

शेंगा लागल्या की भरघोस, निरोगी अशा आठ-दहा झाडांना रंगीत चिंधी बांधा. त्यांची एकही शेंग भाजीला तोडू नका. (सुनेला आणि सासूला, दोघींनाही सांगून ठेवा!) पाने ठिपकेदार, आकसलेली दिसली तर ते झाड कितीही लगडलेले असो, बियाण्याला नको, तो रोग बियातून पुढे जातो.

गुरुजींसाठी एक गंमत. दाण्याचे साल हे आईच्या शरीराचा भाग असते. तांबड्या घेवड्याच्या फुलावर मधमाशीने पांढऱ्याचा पराग आणला, तरी यंदाचा दाणा तांबडाच दिसतो. भेसळ उघडी पडते ती त्या दाण्याच्या झाडाला शेंगा आल्यावर. मेंडेलनेही वाटाण्यानंतर घेवड्यावर प्रयोग केले, आणि तिथे रंगांचा हिशेब इतका गुंतला की एका रंगामागे अनेक घटक असावेत असा तर्क त्याला करावा लागला. शाळेच्या परसबागेत दोन रंग लावाल तर मध्ये मेथी-कोथिंबिरीचे वाफे ठेवा. वेगळ्या रंगाचे दाणे निघालेच, तर ते झाड वर्गाला दाखवून बियाण्यातून काढून टाका.

मुलांना एक बजावा. वाळलेला दाणा कच्चा चावायचा नाही. त्यात विषारी द्रव्य असते. पोट बिघडते, उलट्या होतात. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळून मगच शिजवावे. मंद आचेवर ठेवून भागत नाही.

शेंगा पिवळ्या पडून आत दाणा वाजू लागला की सकाळच्या गारव्यात झाडे उपटा. सावलीत वाळवा. दाताखाली दाण्यावर खूण उमटत नाही इतका तो वाळला, की राख मिसळून कोरड्या मडक्यात भरा, आणि मडक्यावर वर्ष व रंग लिहून ठेवा. पुढल्या दसऱ्याला पेरणीआधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. सोळा-सतरा उगवले तर एकेक दाणा टोबा. दहाच उगवले तर एका जागी दोन.