उन्हातील सायकलफेरी आणि डोकेदुखी

छत्तीसगड राज्यातील भिलाई येथे कँप-१ या नावाची एक दाट वस्ती आहे. नावावरूनच तिचा इतिहास ध्यानात येतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याविषयी करार झाला. त्यानंतर उभारणीचे काम करणाऱ्या मजुरांसाठी ज्या छावण्या वसविण्यात आल्या, त्यांची स्मृती या नावात राहिली आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कामगारांची नित्याची सोबतीण असलेली सायकल भिलाईच्या रस्त्यांवर तेव्हापासून धावत आहे.

दुर्ग जिल्ह्याचा हा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूरसह एकाच राज्यात होता आणि उन्हाळाही दोन्हीकडे सारखाच कडक असतो. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही येथे नित्याची गोष्ट आहे. अशा उन्हातून पाळी संपवून घरी येणारा कामगार किंवा शिकवणीहून परतणारा विद्यार्थी पुष्कळदा एकच तक्रार करतो. सायकलवर असताना काही जाणवत नाही. परंतु घरी पोहोचून सायकल भिंतीला टेकविली, की थोड्याच वेळात डोके ठणकू लागते. “ऊन लागले” एवढे म्हणून घरातील माणसे तो विषय संपवितात. पण ऊन लागणे म्हणजे नेमके काय, आणि ते प्रवासात न जाणवता प्रवास संपल्यावरच का जाणवावे?

शरीराची भट्टी

स्नायूंना अन्नापासून जी ऊर्जा मिळते, तिच्यापैकी सुमारे एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी भाग सायकल चालविण्याच्या प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या सर्व ऊर्जेची उष्णता होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारणपणे १०० वॉटच्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण होत असते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालविणाऱ्याच्या शरीरात ती सुमारे ३०० वॉट होते.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल, याचा हिशेब कठीण नाही. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे २१० किलोज्यूल उष्णता लागते. ३०० वॉटच्या गतीने ती केवळ १२ मिनिटांत जमेल. म्हणजे अर्ध्या तासाच्या साध्या फेरीत ३७ अंशांचे शरीर ३९ अंशांच्याही पुढे जाईल. तसे सहसा घडत नाही, याचे श्रेय घामाला आहे.

माठ आणि माणूस

उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी गार का राहते, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतली जाते. मानवी त्वचा हेच करते. १ लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते.

या युक्तीचे सामर्थ्य किती मोठे आहे, हे १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. जॉर्ज फॉर्डाइस या वैद्याने तापविलेल्या कोरड्या खोलीत ते गेले. पुढे तेथील तापमान सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यात आले. अशा हवेत अंडी व मांस शिजून निघाले. परंतु काही मिनिटे आत राहिलेली माणसे सुखरूप बाहेर आली. कोरड्या हवेत त्यांच्या अंगावरील घामाची वाफ झपाट्याने होत होती, हे त्याचे मुख्य कारण होय.

भिलाईतील मे महिन्याची हवाही कोरडी असते. सायकलस्वाराच्या अंगावर सतत वारा लागतो आणि घाम येतो न येतो तोच वाळतो. कपडे कोरडे राहतात व आपण फारसे घामाघूम झालो नाही, अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्षात स्वतःच्या श्रमांची उष्णता घालविण्यासाठीच त्याला तासाला अर्धा लिटरच्या आसपास घाम खर्चावा लागतो. शिवाय ४२ अंशांची हवा त्वचेहून अधिक तापलेली असल्याने तोच वारा शरीराला उष्णताही देतो. वरून सूर्य आणि खालून तापलेले डांबर यांचा ताप वेगळाच. त्यामुळे घामाचा खर्च तासाला १ लिटरच्याही वर जाऊ शकतो. खर्च होत असतो, परंतु तो डोळ्यांना दिसत नाही.

पावसाळ्याच्या आरंभी स्थिती पालटते. हवा दमट झाली की माठातील पाणी पूर्वीसारखे गार होत नाही, आणि अंगावरचा घामही वाळण्याऐवजी निथळू लागतो. निथळून गेलेला घाम पाणी तर नेतो, पण शरीराला गारवा देत नाही. म्हणून ३५ अंशांचा दमट दिवस कधी कधी ४० अंशांच्या कोरड्या दिवसाइतकाच त्रासदायक ठरतो.

सायकल थांबल्यावर

सायकल थांबताच तीन गोष्टी घडतात. पहिली, अंगावरचा वारा थांबतो. शरीरात साठलेली उष्णता मात्र त्वचेकडे येतच राहते आणि म्हणून दारात उभे राहताच घामाच्या धारा लागतात. दुसरी, पायांचे स्नायू आकुंचन पावताना रक्त वर ढकलण्याचे काम करीत होते, ते काम बंद पडते. उष्णतेमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात. परिणामी रक्त पायांत व त्वचेत साचते, रक्तदाब काहीसा उतरतो आणि भोवळ आल्यासारखे वाटते. तिसरी, रस्त्यावरील रहदारीत गुंतलेले मन मोकळे होते आणि इतका वेळ दबलेली वेदना जाणवू लागते.

ही वेदना मेंदूची नव्हे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्याभोवतीची आवरणे व तेथील रक्तवाहिन्या यांत मात्र वेदनावाहक चेतातंतू असतात. शरीरातील पाणी कमी झाले असता मेंदूचे आकारमान किंचित घटते व या आवरणांवर ताण पडतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. रक्तवाहिन्यांचे प्रसरण हे दुसरे स्पष्टीकरण. जोराच्या श्रमांनंतर, विशेषतः उष्ण हवेत, दोन्ही बाजूंनी ठणकणारी डोकेदुखी वैद्यकास परिचित आहे. याखेरीज डोळे दिपविणारा प्रकाश, आखडलेली मान, घट्ट शिरस्त्राण, रिकामे पोट, चुकलेला चहा आणि अर्धशिशीची प्रवृत्ती ही कारणेही विसरता येत नाहीत.

दिवसाचा हिशेब

येथे एक प्रश्न उभा राहतो. अर्ध्या तासाच्या फेरीत अर्धा लिटर पाणी गेले, तरी ६० किलोग्रॅमच्या शरीरास ते फार नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १.२ लिटर पाणी घटल्यावर उन्हात काम करण्याची शक्ती स्पष्टपणे कमी होऊ लागते. मग डोके का दुखते? उत्तर असे, की हिशेब सायकलीवर बसताना सुरू झालेला नसतो. भट्टीजवळ काम केलेला कामगार आणि सकाळपासून पाणी न पिता वर्गात बसलेला मुलगा हे दोघेही रस्त्यावर येण्यापूर्वीच पाण्याचे ऋणको झालेले असतात. फेरीने त्या ऋणात शेवटची भर घातलेली असते. म्हणून घरी आल्यावर घटाघटा पाणी पिण्यापेक्षा निघण्यापूर्वी पाणी पिणे अधिक हिताचे.

शाळेत हा हिशेब सहज तपासता येईल. फेरीपूर्वी व फेरीनंतर, घाम पुसून व तेवढेच कपडे ठेवून, अचूक काट्यावर वजन करावे. मधल्या वेळात काही खाल्ले-प्यालेले नसल्यास घटलेला १ किलोग्रॅम म्हणजे जवळजवळ १ लिटर घाम होय. हा प्रयोग सकाळच्या सौम्य उन्हात व शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. रोजच्या उपयोगासाठी याहून सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. ती फिकट असावी. गडद पिवळी झाल्यास पाणी कमी पडले असे समजावे.

पाणी आणि मीठ

घामाबरोबर मीठही जाते. इंग्लंडमधील खोल व उष्ण कोळसाखाणींतील मजुरांना काम करता करता पेटके येत. के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ साली या मजुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर घाम गाळून केवळ साधे पाणी पुष्कळ प्यालेल्यांस हा त्रास होतो आणि पाण्यात थोडे मीठ घातल्यास तो टळतो, असे त्यांना व शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांना आढळले. अतिरेकाने प्यालेल्या पाण्यामुळे रक्तातील सोडियम घटते आणि त्यानेही डोके दुखते व मळमळते, हे आता निश्चितपणे ज्ञात आहे.

तथापि अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीसाठी मिठाच्या गोळ्या घेण्याचे कारण नाही. रोजच्या जेवणातील मीठ पुरते. छत्तीसगडातील श्रमिक रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्यासह खातात. त्यास बोरे-बासी म्हणतात. मराठी घरांतील मीठ घातलेले ताक व कैरीचे पन्हे हीदेखील त्याच जातीची. पाणी, मीठ आणि थोडे अन्न एकत्र देणारे हे पदार्थ उन्हाळ्याला साजेसे आहेत. रक्तदाबाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मिठाविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा.

उपाय आणि इशारा

उन्हाळ्याच्या पहिल्या १० ते १४ दिवसांत श्रम क्रमाक्रमाने वाढविल्यास शरीर उष्णतेला सरावते. घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. लांबच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी भर दुपारी दामटून सायकल चालविणे म्हणूनच धोक्याचे असते. फिकट रंगाचे सैल सुती कपडे वापरावे, डोके झाकावे, शिरस्त्राण हवेशीर असावे. शेवटची काही मिनिटे वेग कमी करावा आणि उतरल्यावर एकदम न थांबता सावलीत थोडे चालावे. डोके दुखू लागल्यास गार जागी बसून मान व चेहरा ओला करावा आणि थोडे थोडे पाणी प्यावे. बहुधा एवढ्याने आराम पडतो. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा उन्हात जाणे चुकीचे. पाणी घटलेल्या शरीरात अशा काही औषधांनी मूत्रपिंडांवर भार पडतो.

परंतु डोकेदुखीबरोबर बोलणे असंबद्ध झाले, तोल गेला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान अशा वेळी ४० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते. घाम येत आहे, म्हणून उष्माघात नसेल, असे मानू नये. रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तसेच अकस्मात व असह्य डोकेदुखी, ताठलेली मान, किंवा अंगाच्या एका बाजूची दुर्बलता यांचा दोष उन्हाला देऊन वेळ दवडू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

कारखान्यात भट्टीचे तापमान मोजण्यासाठी मापके बसविलेली असतात आणि काटा पुढे सरकताच कामगार सावध होतो. शरीराच्या भट्टीला असा काटा नाही. सायकलवरून उतरल्यावर ठणकणारे डोके हीच तिची सूचना होय. ती ऐकून दुसऱ्या दिवशी घरून निघण्यापूर्वी जो पाण्याचा पेला रिता करील, त्याला ती सूचना सहसा पुन्हा मिळणार नाही.